मोहीम, प्रेसनोट आणि आजाराची बातमी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातुरात बसून मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांच्या बातम्या देणारं एक छोटं पोर्टल आम्ही चालवतो. आरोग्याचं पान माझ्याकडे आहे. वाचक, आशाताई आणि नव्यानं कामाला लागलेले वार्ताहर व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत.

२४ मार्च आला की सगळीकडे क्षयरोगाच्याच बातम्या का दिसतात?

कारण २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं आणि पुढे तोच जागतिक क्षयरोग दिन ठरला. हे झालं पुस्तकी उत्तर. खरं कारण मात्र आमच्या मोबाइलमध्ये असतं.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास पत्रकारांच्या ग्रुपवर फोटो पडायला लागतात. बॅनर, बॅनरमागे जिल्हा शल्यचिकित्सक, शेजारी जिल्हा क्षयरोग अधिकारी, पुढे पांढऱ्या गणवेशातल्या नर्सिंगच्या मुली, एखादीच्या हातात घोषणेचा पुठ्ठा. परभणीचा फोटो आणि धाराशिवचा फोटो शेजारी ठेवला तर फरक फक्त बॅनरवरच्या गावाच्या नावाचा. खाली प्रेसनोट: प्रभातफेरी निघाली, रांगोळी स्पर्धा झाली, शपथ घेतली, आभार अमुक यांनी मानले. आयता मजकूर, आयता फोटो आणि सरकारी नाव असल्यामुळे चुकण्याची भीती नाही. दोन माणसांत दिवसाला तीस-चाळीस बातम्या चढवणाऱ्या पोर्टलनं हे नाकारावं तरी का?

दुसरं म्हणजे त्या दिवशी लोक 'जागतिक क्षयरोग दिन' असं गुगलवर टाकतात. शाळेत भाषण असतं, कार्यालयात सूत्रसंचालन असतं. त्यामुळे 'इतिहास, महत्त्व आणि यंदाची संकल्पना' असा लेख २३ तारखेलाच चढवावा लागतो. बहुतेक ठिकाणी तो गेल्या वर्षीचाच असतो, साल तेवढं बदललेलं. आम्हीही एकदा साल बदललं आणि संकल्पना जुनीच ठेवली. एका शिक्षकांचा फोन आला, पोरीनं भाषणात तेच म्हटलं म्हणून. रागावले नाहीत, हसले. ते जास्त लागलं.

मोहीम नसती तर ही बातमी आलीच नसती का?

बहुधा नाही. जगातल्या एकूण क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे, पण तांड्यावर कुणी दोन महिने खोकतंय ही काही 'घडलेली' गोष्ट नाही. त्याला तारीख नाही, पाहुणे नाहीत, फोटो नाही. मोहीम या तिन्ही गोष्टी पुरवते.

माध्यमं ज्या विषयावर भर देतात तोच विषय लोकांना मोठा वाटू लागतो, हे मॅककॉम्ब्स आणि शॉ या अमेरिकी संशोधकांनी १९६८च्या निवडणुकीत चॅपल हिल इथल्या मतदारांशी बोलून दाखवलं होतं. आरोग्याच्या बाबतीत त्याच्या आधी आणखी एक पायरी आहे. वाचकानं काय मोठं मानायचं ते माध्यम ठरवत असेल, पण माध्यमानं काय मोठं मानायचं ते बऱ्याचदा आरोग्य खात्याच्या दिनदर्शिकेनं आधीच ठरवलेलं असतं. ३० जानेवारी कुष्ठरोग, ४ फेब्रुवारी कर्करोग, २५ एप्रिल हिवताप, १६ मे डेंग्यू, २८ सप्टेंबर रेबीज, १४ नोव्हेंबर मधुमेह, १ डिसेंबर एड्स. आमच्या टेबलावर हा कागद चिकटवलेलाच आहे.

'शोधमोहिमेत इतके नवे रुग्ण आढळले' अशी बातमी आली म्हणजे आजार वाढला ना?

नाही. या पानावरचं बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, एवढं उत्तर वाचा.

घराघरांत जाऊन शोधलं की रुग्ण सापडतात. ते आधीही होतेच, कुणी मोजले नव्हते. ७ डिसेंबर २०२४ला केंद्रानं १०० दिवसांची क्षयमुक्ती मोहीम देशातल्या ३४७ जिल्ह्यांत सुरू केली. अशा मोहिमेत आकडा वर जाणं हे मोहीम नीट चालल्याचं लक्षण. कुष्ठरुग्ण शोधमोहिमेचंही तसंच. पण बातमीत 'आढळले'चं 'वाढले' व्हायला एक मथळा पुरतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याचा आकडा आमच्याकडे आला आणि मी मथळा दिला: 'तालुक्यात क्षयाचा विळखा'. चार दिवसांनी तिथल्या आशाताईंचा फोन.

"दादा, तुमची बातमी वाचून लोकं दार लावून घ्यायलेत."

"का बरं?"

"म्हणायलेत, तुम्ही घरोघर फिरायला लागल्यापासूनच टीबी वाढायलाय. थुंकीची डबी हातात घ्यायला कुणी तयार नाही."

त्यांनी पुढे एका घराचं सांगितलं. सासूला दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरलेलं. सून डबी घ्यायला दारात आली होती, तेवढ्यात आतून नवऱ्यानं मोबाइलवरची बातमी वाचून दाखवली. दार बंद. ताई दुसऱ्या दिवशी गेल्या, तिसऱ्या दिवशी गेल्या, शेवटी सासूबाई शेतात गाठ पडल्या तेव्हा बांधावर डबी दिली. मी मथळा बदलला, पण स्क्रीनशॉट आधीच सगळ्या ग्रुपांवर फिरला होता.

तेव्हापासून आमचा एक नियम आहे. आकडा आला की तीन गोष्टी विचारायच्या: किती लोक तपासले, गेल्या वेळी किती तपासले होते, आणि हा आकडा संशयितांचा की खात्री झालेल्यांचा. तिन्हीची उत्तरं मिळेपर्यंत 'वाढ' हा शब्द वापरायचा नाही. बातमी अर्धा दिवस उशिरा जाते. जाऊ द्या.

'डेंग्यूसदृश' म्हणजे नेमकं काय?

मराठी पत्रकारितेनं वैद्यकशास्त्राला दिलेली ही देणगी आहे. ताप आहे, प्लेटलेट्स उतरल्यात, खासगी लॅबमधली झटपट चाचणी पॉझिटिव्ह आहे, पण सरकारी हिशेबात रुग्ण धरायला एलायझा ही प्रयोगशाळेतली रक्तचाचणी लागते आणि तिचा अहवाल आलेला नाही. या मधल्या अवस्थेतल्या माणसाला आम्ही 'सदृश' म्हणतो. शब्द अगदीच वाईट नाही, निदान खोटं तरी बोलत नाही. पण 'डेंग्यूसदृश तापाचे थैमान' म्हटलं की सदृश कुणाच्या लक्षात राहत नाही, थैमान राहतं.

यामुळे एकाच गावाचे दोन आकडे छापून येतात. गावकरी आणि खासगी दवाखाने सांगतात पन्नास, हिवताप कार्यालय सांगतं दोन. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात. वार्ताहराला मात्र 'प्रशासनाची लपवाछपवी' दिसते. कधी ती असतेही, पण दर वेळी नाही.

मोहिमेचा वेळ आणि आजाराचा वेळ जुळत नाही, ही डेंग्यूच्या बातम्यांची खरी अडचण. राष्ट्रीय डेंग्यू दिन १६ मेला, जून हा हिवताप प्रतिरोध महिना, जुलै डेंग्यूचा. यात शहाणपण आहे, कारण पावसाच्या आधीच टाक्या घासायला हव्यात. पण मे महिन्यात आमच्याकडे बातमी असते टँकरची. पंधरा दिवसांनी एकदा नळाला पाणी येतं, म्हणून घराघरांत बॅरल, रांजण, सिमेंटचे हौद भरलेले. डेंग्यू पसरवणारा एडिस डास वाढतो तो असल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात. एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ती बातमी देशभर गाजली. पाणी साठवण्याची सवय आणि डास यांचं नातं त्यात कुठे आलं? 'आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा' ही प्रेसनोट आम्ही मे महिन्यात छापतो, आणि वाचणाऱ्याच्या मनात येतं की बाबा, नळच यांनी पंधरा दिवस कोरडा ठेवलाय.

ऑगस्ट-सप्टेंबरात ताप येतो, तोवर मोहीम संपलेली असते. मग बातमी बदलते: धूरफवारणी कधी, नगरसेवक कुठे, आरोग्य विभाग झोपेत. उन्हाळ्यातली बातमी नागरिकांना दोष देते आणि पावसाळ्यातली प्रशासनाला. डासांच्या अळ्या खाणारे, हौदात सोडायचे गप्पी मासे कुठे मिळतात ते दोन्हींत नसतं. (हिवताप कार्यालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.)

'नागरिकांनी घाबरून जाऊ नये' असं वाचलं की जास्त घाबरायला होतं. हे का लिहिता?

प्रेसनोटच्या शेवटच्या ओळीत असतं म्हणून. आम्ही आता ती ओळ काढून त्या जागी काय करायचं ते लिहितो.

ज्या आजाराचा 'दिन' नाही त्याची बातमी होतच नाही का?

होते, पण कुणीतरी खणावं लागतं. बीडचं उदाहरण घ्या. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांमध्ये गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रमाण फार आहे, हे पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक होतं. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी, मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली, खाडा झाला की दंड. पाळीच्या दिवसांतही उसाच्या फडात मोळ्या उचलायच्या, आडोसा नाही, पाणी नाही. दुखणं घेऊन दवाखान्यात गेलं की 'पिशवी काढून टाका' हा सल्ला. याला कुठला जागतिक दिन नव्हता, बॅनर नव्हतं, प्रेसनोट तर कोण काढणार? २०१९च्या सुमारास पत्रकारांनी आणि महिला संघटनांनी विषय लावून धरला. विधिमंडळात प्रश्न आला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि आकडा समोर आला: पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली. त्यानंतर खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट आली, आणि कारखान्याला जाण्याआधी व परतल्यावर तपासणीच्या सूचना निघाल्या.

इथे गाडी उलट चालली, आधी बातमी आणि मागून मोहीम. असं क्वचित होतं. आणि मोहीम आली की बातमीचा सूर बदलतो हेही नोंदवायला हवं. आधीच्या बातम्यांत बायका बोलत होत्या, नंतरच्या बातम्यांत अधिकारी बोलतात: 'इतक्या महिलांची तपासणी पूर्ण'.

याची दुसरी बाजू म्हणजे कुष्ठरोग. डिसेंबर २००५मध्ये भारतानं राष्ट्रीय पातळीवर दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठल्याचं जाहीर झालं. 'निर्मूलन' या सरकारी शब्दाचा अर्थ एवढाच होता. छापून आलं 'कुष्ठरोग संपला', आणि त्यानंतर बातम्याच आटल्या. रुग्ण आजही सापडतात. तो आजार आमच्या पानावर आता वर्षातून एकदा, गांधीजींच्या पुण्यतिथीला येतो.

मोठी माणसं मोहिमेत आली की फरक पडतो का?

पडतो. पल्स पोलिओ देशभर १९९५पासून सुरू झालं. पुढे अमिताभ बच्चन टीव्हीवर रागावून 'डोस पाजा' म्हणू लागले आणि रविवारच्या बूथची बातमी पहिल्या पानावर जाऊ लागली. देशातला शेवटचा नैसर्गिक पोलिओरुग्ण जानेवारी २०११मध्ये पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ला जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर केला. श्रेय अर्थातच लस पाजणाऱ्यांचं, पण त्या आवाजाचाही वाटा होता.

उलटं उदाहरण २ फेब्रुवारी २०२४चं. अभिनेत्री पूनम पांडे यांचं गर्भाशयमुखाच्या कर्करोगानं निधन झालं अशी पोस्ट त्यांच्याच खात्यावर आली. देशभरातल्या पोर्टलांनी श्रद्धांजल्या चढवल्या, आम्हीही. दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच व्हिडिओत आल्या: जागृतीसाठी केलं. पोस्टच्या आदल्याच दिवशी, १ फेब्रुवारीला, अर्थसंकल्पाच्या भाषणात ९ ते १४ वर्षांच्या मुलींना या कर्करोगाविरुद्धची लस देण्याला प्रोत्साहन देऊ, असं म्हटलं होतं आणि दोन दिवसांवर जागतिक कर्करोग दिन होता. त्या दोन दिवसांत या आजारावर आमच्या पानावर जेवढं वाचलं गेलं तेवढं आधीच्या अख्ख्या वर्षात नव्हतं. पण लोक काय वाचत होते? बाई जिवंत आहे की नाही ते. हा कर्करोग एचपीव्ही विषाणूमुळे होतो आणि तपासणीत लवकर कळू शकतो, या परिच्छेदापर्यंत फार थोडे पोचले. माझं मत विचाराल तर असल्या चालीनं पुढच्या खऱ्या बातमीवरचा विश्वास खर्ची पडतो. आमच्या ऑफिसात यावर एकमत नाही.

लसीकरणाच्या बातमीत पेट्रोल पंप कुठून आला होता?

नोव्हेंबर २०२१. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात कोविड लसीचा पहिला डोस घेतलेले सुमारे ५५ टक्के होते, राज्यात ७४ टक्के. जिल्हाधिकाऱ्यांनी आदेश काढला: एकही डोस नसेल तर पेट्रोल, गॅस, रेशन नाही. त्याआधी महिनाभर लस घ्या म्हणून आम्ही रोज छापत होतो, कुणी ढुंकून पाहत नव्हतं. हा आदेश दुपारपर्यंत दिल्लीच्या चॅनेलांवर होता. बातमी लसीची नव्हतीच, पेट्रोलची होती. मोहीम राबवणाऱ्यांना हे नेमकं कळतं: लोकांच्या रोजच्या गरजेला हात घातला की बातमी आपोआप होते. योग्य होतं का, हा वेगळा प्रश्न, आणि रेशनच्या बाबतीत मला तरी ते पटलं नव्हतं.

एकाच दिवशी दोन मोठ्या गोष्टी आल्या तर?

मोठी लहानीला खाते. १७ सप्टेंबर २०२५ला महिलांच्या आरोग्य तपासणीचं 'स्वस्थ नारी, सशक्त परिवार' अभियान देशभर सुरू झालं. १७ सप्टेंबर म्हणजे आमचा मुक्तिसंग्राम दिन. त्या दिवशी मराठवाड्यात ध्वजारोहण, पालकमंत्र्यांचं भाषण आणि त्यातल्या घोषणा एवढीच बातमी असते. शिबिरांचं आम्ही १९ तारखेला छापलं.

आजाराच्या बातमीत गावाचं नाव द्यावं का?

जानेवारी २०२१मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा इथे सुमारे ८०० कोंबड्या मेल्या आणि बर्ड फ्लूचं निदान झालं. नाव देणं भाग होतं, कारण भोवतीच्या परिसरात निर्बंध लागले होते. पण आज 'मुरुंबा' शोधलं की अजूनही कोंबड्याच येतात. जानेवारी २०२५ला उदगीरमध्ये कावळे मेले, तोच विषाणू. तेव्हा खात्याकडून 'नीट शिजवलेलं चिकन खायला हरकत नाही' हा खुलासा येईपर्यंत 'बर्ड फ्लूचा शिरकाव' हा मथळा गावोगाव पोचला होता. इथे मोहीम बातमीच्या मागून धावते, आणि मधल्या तासांत चिकनवाल्याचा धंदा बसतो.

आमचा नियम: लोकांना काही करायचं किंवा टाळायचं असेल तर गावाचं नाव, नसेल तर तालुका. रुग्णाचं नाव कधीच नाही. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७चा कायदाच आहे, संमतीशिवाय माणसाची ओळख उघड करता येत नाही. '१ डिसेंबर विशेष' म्हणून चेहरा धूसर केलेला फोटो पाठवणाऱ्या नव्या वार्ताहरांनी लक्षात ठेवा, गावातला माणूस शर्टावरून ओळखतो.

गुगलवर एखादा आजार जास्त शोधला जातोय म्हणजे तो पसरतोय का?

गुगलनं स्वतःच हे करून पाहिलं. २००८ला शोधांवरून फ्लूचा अंदाज बांधणारी सेवा काढली. २०१३च्या सुमारास तिचे आकडे अमेरिकेतल्या सरकारी आकड्यांच्या जवळपास दुप्पट निघाले, आणि २०१५ला ती बंद केली. बातम्या वाचून निरोगी लोकही शोधतात. स्तनांच्या कर्करोगाचा शोध दर ऑक्टोबरात वाढतो, कारण तो जागृतीचा महिना आहे, गाठी काही महिना पाहून येत नाहीत.

बातमी आणि जाहिरात यांत फरक कसा ओळखायचा?

शेवटी फोन नंबर असेल आणि एकाच डॉक्टरांचं नाव तीनदा आलं असेल तर जाहिरात. 'मधुमेह मुळापासून बरा' असा दावा असेल तर १९५४च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्यानं त्या जाहिरातीला बंदीच आहे, तरी १४ नोव्हेंबरच्या आसपास आम्हाला अशा विचारणा येतात. पैसे चांगले देतात. आम्ही नको म्हणतो, आणि त्याच जाहिराती मग गुगलमार्फत आमच्याच पानावर झळकतात. त्या ब्लॉक करायला माणूस बसवावा लागतो.

बातमीमुळे यंत्रणा खरंच हलते का?

हलते, आणि त्याची अधिकृत सोय आहे. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ला सुरू झाला. २००८पासून दिल्लीत त्याचा माध्यम तपासणी कक्ष आहे. देशभरातल्या बातम्या चाळायच्या, उद्रेकाचा वास आला की संबंधित जिल्ह्याला कळवायचं आणि खरं-खोटं करून घ्यायचं, हे त्याचं काम. म्हणजे 'गावात जुलाबाची साथ' ही आमची चार ओळींची बातमी दिल्लीतून फिरून जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या टेबलावर येऊ शकते. म्हणूनच त्या चार ओळींत तारीख, वाडीचं नाव, अंदाजे किती जण आणि पिण्याचं पाणी कुठलं, एवढं हवंच. 'थैमान' लिहून तपासणाऱ्याला काहीच कळत नाही.

आमच्या गावात ताप-जुलाब सुरू आहेत. बातमीसाठी तुम्हाला फोन करू का?

आधी आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगा, नाहीतर १०४ या आरोग्य हेल्पलाइनवर फोन करा. मग आम्हाला करा. विहिरीचा फोटो काढून ठेवा, शक्यतो ब्लिचिंग पावडर टाकायच्या आधीचा.